महिनाभराच्या उपवासाचे पारणे
ईदची पक्वान्ने : वर्ध्याची आणि देशोदेशीची

आपल्या धर्मात उपवासाइतकेच पारण्यालाही महत्त्व आहे. एकादशीचे व्रत द्वादशीच्या पारण्यावाचून पुरे होत नाही. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. द्वादशी सरत चालली होती आणि स्नानास गेलेले दुर्वास ऋषी परतले नव्हते. अतिथीला सोडून जेवावे तर दोष, तिथी टळू द्यावी तर व्रतभंग, अशा पेचात राजा सापडला आणि केवळ जलप्राशन करून त्याने दोन्ही धर्म राखण्याचा यत्न केला. पुढे ऋषींचा कोप झाला, सुदर्शन धावून आले, तो भाग निराळा. आज आम्हांस स्मरण होते ते राजाच्या त्या पेचाचे. व्रत करणाऱ्याचा पहिला घास त्याच्या एकट्याचा नसतो, हे त्या कथेचे मर्म होय.

आमचे मुसलमान शेजारी रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न आणि पाणी वर्ज्य करतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात रमजान आला, तर पाण्याविना तो दिवस कसा जात असेल याची कल्पना निर्जळी एकादशी करणाऱ्या वाचकांस सहज येईल. या महिन्याच्या अखेरीस येते ती रमजान ईद. तिचे अरबी नाव ईद-उल-फित्र. फित्र म्हणजे उपवास सोडणे. तेव्हा आपल्या भाषेत बोलावयाचे तर ही ईद म्हणजे महिनाभराच्या व्रताचे पारणेच होय. त्या दिवशी उपवास करणे इस्लाममध्ये निषिद्ध मानले आहे. नमाजास निघण्यापूर्वी काही खजूर, तेही विषम संख्येने, खाण्याचा पैगंबरांचा परिपाठ होता, असे हदीसमध्ये सांगितले आहे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांतील मोहल्ल्यांतून ईदच्या सकाळी दुधाचा आणि वेलदोड्याचा वास दरवळतो. त्या वासामागे काय काय आहे आणि आपल्या दारी येणाऱ्या वाटीत काय असते, हे जाणून घ्यावे म्हणून हा लेख.

आधी दुसऱ्याचा वाटा

ईदच्या स्वयंपाकाचा विचार चुलीपासून नव्हे, तर धान्याच्या मापापासून केला पाहिजे. ज्याची ऐपत आहे त्याने ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेदेखील, ठराविक मापाचे धान्य किंवा त्याची किंमत गरिबास द्यावी, असा दंडक आहे. यास फित्रा म्हणतात. माप जुने अरबी, साअ नावाचे. भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तीत गव्हाचे माप अर्धा साअ मानतात. आजच्या हिशेबाने ते सुमारे दोन किलो भरते. घरात सात माणसे असली तर सात वाटे आधी बाहेर पडावयाचे आणि मगच घरातील सणाचे पान मांडावयाचे.

यातील वेळेचे बंधन आम्हांस विशेष वाटते. फित्रा नमाजानंतर दिला, तर तो केवळ साधे दान ठरतो. व्रतात कळत नकळत झालेल्या उणिवांची शुद्धी आणि गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी ही व्यवस्था, असे दोन हेतू हदीसमध्ये सांगितले आहेत. जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवितो तो पापच खातो, अशा आशयाचे भगवंताचे वचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. नैवेद्य आणि अतिथी यांचा भाग काढल्यावाचून न जेवणाऱ्या आपल्या घरांना फित्र्याचे तत्त्व परके वाटू नये.

दूध आणि खारीक

रमजान ईदचे आपल्याकडील मुख्य पक्वान्न म्हणजे शिरखुर्मा. हा शब्द फारसी आहे. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. आपण ज्या शेवयांवरून हे पक्वान्न ओळखतो, त्यांचा नावात पत्ताही नाही. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून कुरडया, पापड आणि सरगुंड्यांबरोबर शेवयाही वाळत घालणाऱ्या विदर्भातील गृहिणीस मात्र शिरखुर्म्यात शेवयाच प्रथम दिसाव्यात, हे स्वाभाविक आहे.

यातील जिनसांची कुळे निरनिराळी आहेत. खारीक अरबस्तान व इराणकडची, बदाम आणि पिस्ते इराण व अफगाणिस्तानकडचे, वेलदोडा आणि जायफळ दक्षिणेकडचे. चारोळी मात्र आमच्या घरची. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीतील जंगलांत चाराची झाडे आहेत. त्यांच्या फळांच्या बिया फोडून निघणारा हा दाणा श्रीखंडावर जसा शोभतो, तसाच शिरखुर्म्यात.

पाच-सहा माणसांच्या बेताने कृती अशी. दहा-बारा खारका रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी बिया काढून लांबट चिराव्यात. दोन चमचे साजूक तुपात बदाम, पिस्ते, काजू, चारोळी व खोबऱ्याचे काप मंद आचेवर परतून बाजूस काढावेत. त्याच तुपात मूठभर अगदी बारीक शेवया बदामी रंगावर भाजाव्यात. एक लिटर दूध निम्म्याहून थोडे अधिक उरेल इतपत आटवावे. त्यात खारका घालून त्या मऊ होऊ द्याव्यात. नंतर बेताची साखर, परतलेला मेवा, मनुका आणि थोडी भाजून कुटलेली खसखस घालावी. शेवया सर्वांत शेवटी घालून दोन-तीन उकळ्यांनंतर पातेले उतरवावे आणि वर वेलदोडा व जायफळाची पूड टाकावी. गोडी बरीचशी खारकांचीच असते, म्हणून साखर जपून. शिरखुर्मा पळीवाढाच राहिला पाहिजे. निवताना तो आपोआप दाट होतो. सुजाण वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की यातील एकही पदार्थ आपल्या देवघरातील नैवेद्यास वर्ज्य नाही.

एकच सण, अनेक कोठारे

अरबस्तानात उदय पावलेला हा सण जेथे जेथे गेला, तेथील कोठारात जे होते त्यावर तो साजरा होऊ लागला. आपल्याकडे कोकणात दिवाळीला पोहे, तर घाटावर अनारसे आणि करंज्या, तद्वतच हेही.

इजिप्तमध्ये ईदसाठी कहक नावाची पिठीसाखरेत घोळलेली बिस्किटे करतात. रमजानच्या शेवटच्या दिवसांत बायका एकत्र जमून ती वळतात. आपल्याकडे दिवाळीपूर्वी शेजारणी एकमेकींच्या घरी करंज्या लाटावयास जातात, तोच प्रकार. इराकमध्ये खजुराचे सारण भरलेला क्लेचा भाजतात. सीरिया आणि लेबनॉनमध्ये रव्याच्या पारीत खजूर किंवा अक्रोड भरून, नक्षीच्या लाकडी साच्यात दाबून मामूल करतात. मोदकाचा साचा वापरणाऱ्या गृहिणीस तो साचा पाहताच ओळखीचा वाटेल. विशेष असे की, त्या देशांतील ख्रिस्ती कुटुंबे हाच मामूल आपल्या ईस्टरच्या सणास करतात. शेजाऱ्याचा सण जिभेला परका राहिला नाही, याचे हे उदाहरण होय.

तुर्कस्तानात या ईदला साखरेचा सण असेही म्हणतात. मुले वडील माणसांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळास लावतात आणि त्यांना खाऊ मिळतो. दसऱ्याला सोने देऊन वडिलांच्या पाया पडणाऱ्या आपल्या मुलांचीच ही भावंडे. इंडोनेशियात नारळाच्या कोवळ्या पात्यांची चौकोनी पुडी विणून तीत तांदूळ भरून उकडतात. त्यास केतुपात म्हणतात. तेथे ईदच्या दिवशी लहानांनी थोरांकडे वर्षभरातील अपराधांची क्षमा मागण्याची रीत आहे. चीनमधील हुई मुसलमान गव्हाच्या पिठाच्या तळलेल्या पोळ्या करून शेजारीपाजारी वाटतात. बंगालमध्ये शेवयांना शेमाई म्हणतात, तर लखनौकडे पाकात मुरविलेल्या घट्ट किमामी शेवया करतात. खजूर, रवा, तांदूळ, गहू असा पदार्थ देशोदेशी बदलत गेला, परंतु पदार्थ घराबाहेर पाठविण्याची रीत कोठेही सुटली नाही.

हलवा, सरबत आणि मलिदा

मुसलमानी वर्षातील इतर दिवसांचीही खाद्ये आहेत. शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री शबे बरात येते. त्या रात्री पुष्कळ घरांतून पूर्वजांच्या कबरींस भेट देतात आणि रव्याचा किंवा चण्याच्या डाळीचा हलवा करून वाटतात. काही धर्मपंडितांस ही प्रथा मान्य नाही. तथापि पितृपक्षात पूर्वजांच्या नावे पान वाढणाऱ्यांस त्यामागील भावना समजेल. हलवा हा शब्दही अरबी असून त्याचा अर्थ गोड पदार्थ असाच आहे. संक्रांतीला नव्या सुनेस आपण हलव्याचे दागिने घालतो तेव्हा तो शब्द मनातही येत नाही, इतका तो आपला झाला आहे.

मोहरमला सण म्हणण्याची आपल्याकडे चूक होते. मोहरमची दहावी तारीख हा शोकाचा दिवस आहे. इ. स. ६८० मध्ये पैगंबरांचे नातू हुसेन हे करबला येथे मारले गेले. त्यांना व त्यांच्या मुलाबाळांना नदीच्या पाण्यापासून तोडण्यात आले होते. त्या तहानेची आठवण म्हणून वाटेवरच्या प्रत्येकास, धर्म न विचारता, सरबत आणि पाणी पाजतात. महाराष्ट्रात गुळाचे चोंगे आणि पोळी कुस्करून गूळतूप घातलेला मलिदा हेही या दिवसांतील पदार्थ. वाममार्गाने मिळविलेल्या पैशास मराठीत कोणी व केव्हा मलिदा म्हणू लागले ते असो. मूळ मलिदा भाबड्या नवसाचा आणि वाटून खाण्याचा आहे. याच दिवसांत तुर्कस्तानात आशुरे नावाची खीर करतात. प्रलयानंतर नूहच्या नौकेत उरलेसुरले धान्य एकत्र शिजविले, त्या कथेची ती स्मृती. गहू, हरभरे, पांढरा घेवडा, सुकी फळे असे अनेक जिन्नस त्यात असतात आणि भांडेभर शिजवून ती आळीभर वाटतात. भोगीच्या दिवशी सर्व शेंगा, वांगी, गाजरे व तीळ एकत्र करून केलेली आपली भाजी या खिरीची बहीणच म्हणावी.

बकरी ईदच्या कुर्बानीविषयी या पानाच्या वाचकांची भावना आम्ही जाणतो. येथे इतकेच सांगतो की, त्या अन्नाचेही तीन वाटे करण्याची रीत आहे. एक घरचा, एक आप्तेष्टांचा आणि एक गरिबांचा. वाट्याचा नियम तेथेही सुटलेला नाही.

गिरडचे दगडी नारळ

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही पिढ्यान्‌पिढ्या नवस बोलण्यास व फेडण्यास जातात. टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइट म्हणतात. लोककथा निराळेच सांगते आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. दोन बंजारा व्यापारी नारळ वगैरे माल लादून या वाटेने चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. पुढे ते शरण आले. फकिराने वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला आणि ते दोघे आयुष्यभर त्यांच्या सेवेत राहिले.

आम्ही या कथेचा अर्थ आमच्यापुरता असा घेतो : भरल्या गोणीपाशी उभे राहून दारच्या फकिराची थट्टा केली की अन्नाचा दगड होतो, आणि नम्र झाले की पाल्यापाचोळ्याचेही अन्न होते.

आर्वी हे गाव तेलंगराव नामक सत्पुरुषाने वसविले, अशी आख्यायिका आहे. ते ब्राह्मण होते असे हिंदू म्हणत, मुसलमान होते असे मुसलमान म्हणत, आणि समाधीस मात्र दोघेही नमस्कार करीत. आष्टी येथे मोगल काळातील सरदार मुहम्मदखान नियाझी यांची देखणी कबर आहे. म्हणजे या जिल्ह्यात मुसलमान घरे कालपरवाची नव्हेत. निदान चार शतके एकाच जिल्ह्यात हा शेजार नांदत आला आहे.

वर्ध्याचा एक पठाण पाहुणा

वर्ध्याच्या पाहुणचाराचीही एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९३४ साली तुरुंगातून सुटलेल्या खान अब्दुल गफारखान यांना त्यांच्या सरहद्द प्रांतात परतण्याची सरकारने बंदी केली. तेव्हा जमनालाल बजाजांच्या आमंत्रणावरून ते वर्ध्यास येऊन राहिले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात येथेच त्यांना पुन्हा अटक झाली. वर्ध्यातील वास्तव्याची एक आठवण त्यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. गांधीजींचा वाढदिवस होता. पानात रोजचाच उकडलेला भोपळा आला. खानसाहेबांचे चिरंजीव गनी यांनी, आज तरी काही मेजवानी असेल असे वाटले होते, अशी थट्टा केली. गांधीजी हसले, पण या मुलांना त्यांच्या सवयीचा मांसाहार मिळण्याची सोय केली पाहिजे, असे त्यांनी पुढे खानसाहेबांजवळ काढले. खानसाहेबांनी ते मान्य केले नाही. मुलांनी विनोद केला आहे, यजमान जे वाढील ते आम्ही आनंदाने खातो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

पाहुण्यासाठी यजमान स्वतःच्या स्वयंपाकघराचा नेम शिथिल करावयास तयार, आणि यजमानाचा नेम राखावयास पाहुणा तयार. भिन्न आहार असलेल्या दोन घरांनी एकमेकांशी कसे वागावे, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही. पुढे वर्ध्याजवळच पवनार येथे धाम नदीच्या काठी राहणाऱ्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला व त्याचे सार काढले, हेही याच मातीतले.

शिध्याचे ताट

पूर्वी आपल्या घरांतून सोवळेओवळे कडक होते. दुसऱ्या जातीच्या घरचे शिजलेले अन्न चालत नसे, मग दुसऱ्या धर्माचे कोठून चालावे? तथापि शेजार अडला नाही. ईदच्या दिवशी मुसलमान घरांतून अशा शेजाऱ्यांकडे कोरडा शिधा जात असे. ताटात शेवया, साखर, खारका, थोडा मेवा, आणि कधी निराळ्या भांड्यात दूध. वर स्वच्छ रुमाल. शेजारीण आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यात शिरखुर्मा करी. पाठविणाऱ्यास त्यात अपमान वाटत नसे आणि घेणारीचा नेम मोडत नसे. दिवाळीला फराळाचे ताट उलट दिशेने जाई. परस्परांचा धर्म राखून परस्परांचे तोंड गोड करण्याची ही युक्ती कोणा एका पंडिताने सांगितलेली नव्हे. ती घरोघरीच्या बायकांनी काढली आणि निभावली.

आज सोवळे पुष्कळ सैल झाले आहे. उपाहारगृहात कोणी शिजविले, कोणी वाढले, हे आपण विचारीत नाही. नवल असे की, नेम कडक होते तेव्हा ताटाला वाट होती, आणि नेम सैल झाल्यावर ती वाट मोडत चालली आहे. वाडे जाऊन बंद दारांच्या सदनिका आल्या, वस्त्या वेगळ्या झाल्या, आणि शेजाऱ्याविषयी त्याच्याकडून कळण्यापूर्वीच दुसऱ्यांकडून भलतेसलते कानी पडू लागले. ज्या घरी आपण कधी जेवलो नाही, त्या घराविषयी काहीही खरे वाटू लागते. आमच्या मते शिध्याचे ताट बंद पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

मुसलमानी पंचांग शुद्ध चांद्र आहे. त्यात आपल्यासारखा अधिक मास नसतो, म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. या भ्रमणात ती आपल्या सणांना वारंवार भेटते. २०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलला व ईद ११ एप्रिलला आली. २०२५ साली ३० मार्चला पाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ईद. एका घरचे श्रीखंड संपण्यापूर्वी दुसऱ्या घरचा शिरखुर्मा तयार. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमान बांधवांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर नेली आणि शासनाने सुट्टीही २९ तारखेस दिली. गणरायाच्या विसर्जनास वाट मोकळी करून देणाऱ्या त्या समंजसपणाची आठवण आपण ठेविली पाहिजे.

तेव्हा पुढील ईदला शेजारच्या घरून वाटी आली तर ती आनंदाने घ्यावी. त्या दिवशी आपला उपवास असेल, तर मोकळेपणाने तसे सांगावे. ज्यांनी स्वतः महिनाभर उपवास केला आहे, त्यांना दुसऱ्याच्या उपवासाची महती सांगावी लागत नाही. ज्यांच्या घरी अजून कडक नेम आहे त्यांनी शिधा मागून घ्यावा. त्यातही कमीपणा नाही. आणि वाटी आली नाही, तर येत्या दिवाळीला पहिले ताट आपण पाठवावे.

आलेले भांडे रिकामे परत देऊ नये, ही आपल्या आजीपणजींची शिकवण. घरात काही नसले तर चिमूटभर साखर घालून त्या वाटी परत करीत. ती साखर विसरू नये.